वेधशाळेची दुसरी कॅसेट

"इथं एक बाई बोलायची," उद्धवराव म्हणाले. "कुठं गेली?"

"काढली," मुकुंद म्हणाला. आवाजात अभिमान होता.

चाकणच्या कारखान्यात मुकुंद सुट्या भागांची तपासणी करायचा. केसाएवढा ओरखडा दिसला की माल परत. घरी, आकुर्डीच्या फ्लॅटमध्ये, तो हेडफोन लावून 'वेधशाळा' या बँडच्या मैफली तपासायचा. वेधशाळा प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायची. वीस-वीस मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारे ताल, गाणं कमी आणि वाजवणं जास्त. एक अल्बम काढला आणि बँड मोडला. मागे उरली ती श्रोत्यांनी पिशवीत टेप लपवून केलेली रेकॉर्डिंग. ती जमवणारे मोजके होते, पण कडवे. विकायचं नाही, फक्त अदलाबदल करायची, हा त्यांचा धर्म.

त्यातलं सर्वांत मोलाचं रेकॉर्डिंग शेवटच्या मैफलीचं. ती आकुर्डीतच झाली होती. टेप कुणी केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जमवणारे त्या अनामिकाला 'महाराज' म्हणत. पण महाराजांच्या अगदी शेजारी एक बाई बसली होती आणि ती सारखी विचारत होती, "संपलं का?" तिच्या नावानं सगळे बोटं मोडत. त्यात कॅसेट अर्ध्यावर संपली होती. उत्तरार्ध, म्हणजे ड्रमर उद्धवरावांचं शेवटचं वादन, कुणाकडेच नव्हता. मुकुंद तेव्हा साताऱ्यात नोकरीला होता. मैफल हुकल्याची सल अजून गेली नव्हती.

आता बँडमधली जुनी मंडळी ती अर्धी मैफल रीतसर प्रकाशित करणार होती. त्यासाठी मुकुंदनं ती बाई पुसून काढली होती, शब्दन् शब्द. कव्हरवर कोपऱ्यात आपलं नाव यावं, एवढंच त्याचं मागणं.

"मूळ टेप ऐकवा," उद्धवराव म्हणाले.

मुकुंदनं नाराजीनं मूळ रेकॉर्डिंग लावलं. पाहुण्यांसाठी आज प्रथमच स्पीकरवर. गिटार चढत गेली, थबकली.

"संपलं का?" टेपमधली बाई म्हणाली.

"संपलं का?" स्वयंपाकघरातून मुकुंदची बायको पद्मजा म्हणाली. "पोहे आणू?"

उद्धवरावांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. मुकुंदचं तोंड उघडंच राहिलं होतं.

पद्मजा पोहे घेऊन आली आणि दारातच थांबली. "अगंबाई! ही तर रंगादादाची टेप!"

रंगादादा तिचा मावसभाऊ, वेधशाळेसाठी वेडा झालेला. मैफलीच्या दिवशी त्याला सेकंड शिफ्ट लागली. म्हणून त्यानं कॉलेजातल्या पद्मजाच्या पर्समध्ये टेपरेकॉर्डर घातला आणि तिला पाठवलं.

"म्हणजे तुम्हीच महाराज!" उद्धवराव उभेच राहिले.

"मग सारखं 'संपलं का, संपलं का' कशाला?" मुकुंद खेकसला. राग जुना होता, एकदम कसा जाणार?

"कॅसेट उलटायची, भरली की बदलायची होती ना! गाणं चालू असताना उलटलीस तर बघ, असा दम दिला होता दादानं. आणि यांचं गाणं संपेच ना. थांबले म्हणेपर्यंत परत सुरू. मग शेजारच्याला विचारायचे." ती उद्धवरावांकडे वळली. "राग मानू नका हं."

"छे हो. स्टेजवर आम्हालाही तोच प्रश्न पडायचा."

"मला कधी बोलली नाहीस," मुकुंद म्हणाला.

"तुम्ही कानाला ते लावून बसता. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही तुम्हाला, माझं काय ऐकणार?"

मुकुंदच्या डोक्यात काहीतरी लकाकलं. त्यानं घाबरत विचारलं, "पद्मजा, दुसरी कॅसेट?"

"आहे की. माळ्यावर. पहिली दादा घेऊन गेला आणि त्याची नाशिकला बदली झाली. दुसरी माझ्याकडेच राहिली."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुकुंद स्टुलावर चढला होता. डब्यातून कॅसेट निघाली. वर पद्मजाच्या अक्षरात लिहिलं होतं: आमचं लग्न.

"ऐनवेळी कोरी मिळेना," पद्मजा म्हणाली. "मंगलाष्टका तिच्यावरच घेतल्या."

मुकुंद स्टुलावरच बसला. "सगळ्या कॅसेटभर?"

"एवढा वेळ कोण म्हणेल? शेवटी यांची ती धडधड राहिलीय तशीच."

उद्धवरावांनी बशी खाली ठेवली. "पुढं पळवा!"

"अजिबात नाही," मुकुंद म्हणाला. "इतकी जुनी फीत पळवली की तुटते. पहिल्यापासून, आहे त्या वेगानं ऐकायची." नियम त्याचाच होता.

फीत फिरू लागली. भटजींचा खडा सूर, मागं एक रडणारं पोर, मावशीचा चिरका गळा. पद्मजा मांडीवर हात ठेवून ऐकत होती. "ही तुमची आत्या बघा," ती हसून म्हणाली. डोळे ओले होते. 'सावधान' झालं. आता वाजणार, म्हणून उद्धवराव सरसावले. तेवढ्यात कुणा काकांनी स्वतः रचलेल्या मंगलाष्टका सुरू केल्या. त्या संपतात तोच दुसऱ्या काकांनी घसा साफ केला.

मुकुंद स्पीकरला कान लावून बसला होता. शेवटी त्याला राहवेना.

"संपलं का?" त्यानं विचारलं.