मोठ्या आवाजाचं गाव

दारावरची घंटा वाजवण्याआधी लेकीनं पुन्हा एकदा बजावलं, "आई, हळू बोल हं. आपल्या गावाबद्दल लोक काय म्हणतात, माहितेय ना?"

आईला ठाऊक होतं. कापडगिरणीच्या गावची माणसं बोलत नाहीत, बोंबलतात. गिरणी बंद पडली, भोंगा गेला, पण ख्याती काही गेली नाही. उभी हयात मागांच्या खडखडाटात काढल्यावर आवाज कुठून नाजूक राहणार? पण हे स्थळ लेकीनं स्वतः पसंत केलेलं होतं. आपल्या घशापायी ते मोडलं तर जन्माची बोच लागेल, म्हणून आई तोंडाला कुलूप लावून बसली.

मुलाकडची मंडळी मोजकं बोलत, तेही कुजबुजल्यासारखं. आई मानेनंच हो-नाही करत राहिली. चहा झाला तरी तेच. शेवटी मुलाची आई म्हणाली, "तुम्ही काहीच बोलत नाही. आमचं घर आवडलं नाही का?"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आईनं घाबरून समोरच्या लेकीकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले, "काय सांगू गं?" गिरणीत बायका अशाच बोलायच्या, मागांच्या खडखडाटापुढे आवाज पोचायचाच नाही, तेव्हा ओठ वाचायच्या. लेक घरातच ते शिकली होती. तिनंही ओठांनीच सांगितलं, "आवडलं म्हण. पण हळू."

कोपऱ्यातल्या खुर्चीत मुलाची आजी बसली होती. नीटनेटकी, इतका वेळ एक अक्षर न बोललेली. ती मायलेकींकडे टक लावून पाहत होती. आईच्या ते ध्यानात आलं. आता हे लग्न काही होत नाही.

आजीनं सुनेकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं. मग तिचे ओठ हलले. आवाज न करता, एकेक अक्षर सुटं करत.

"किती माग सांभाळायचीस?"

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"चार," ती म्हणाली. आपल्या आवाजात. खिडकीची तावदानं हलली असतील. लेकीनं डोळे गच्च मिटून घेतले.

आजी खुर्चीत पुढे सरकली. त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ती म्हणाली, "माझ्याकडे सहा होते."