नाकातोची पाच मिनिटं

"कागद नको," लतीफशेठ म्हणाले. "तिला तोंडानं सांगू दे."

श्रेयानं फाइल मिटली. आखातातल्या मनामा शहरात, हॉटेलच्या त्या हॉलमध्ये नव्या कंपन्यांना निधी देण्यासाठी निवड चालली होती; बाकीचे चार परीक्षक पानं चाळत होते. लतीफशेठ मात्र स्टेजवरच्या मुलीकडे बघत होते. सात वर्षं त्यांची सेक्रेटरी असलेल्या श्रेयाला त्याचं नवल नव्हतं. रत्नागिरीहून सुताराच्या हाताखाली आलेल्या या माणसाची आज जवळच्याच सलमाबादेत तीन गोदामं होती. शेठ कागद नाही, माणूस वाचतात, असं ऑफिसात सगळे कौतुकानं म्हणत.

स्टेजवरची नाकातो युगांडाची. कधी शाळेत न गेलेल्या मोठ्या माणसांना तिची छोटी कंपनी फोनवरून हुन्नर शिकवायची. पाण्याचे पंप, वायरिंग. स्क्रीनवर अक्षर एकही नाही, नुसती चित्रं आणि त्यांच्याच बोलीतला आवाज. इथल्या कामगारांसाठी तिनं खास हिंदी आवाजही भरून आणला होता.

"माझी आई अंगठा लावायची," नाकातो म्हणाली. "आज आसपासच्या अकरा गावांचे पंप तीच चालू ठेवते."

श्रेयाला ऐकतच राहावंसं वाटलं. आज निवड झाली, तर आणखी चाळीस गावांत हे काम सुरू होणार होतं.

प्रात्यक्षिकाच्या वेळी मात्र घोटाळा झाला. शिकायला बसणार होता त्या कामगाराला शिफ्टमधून सोडलंच नव्हतं. टेबलावर पंप सुटा करून ठेवलेला, समोर खुर्ची रिकामी.

"मी बसतो ना," एक तरुण अधिकारी हसत पुढे झाला.

"तुम्ही पार्टांवरची नावं वाचाल," परीक्षकांतल्या बँकवाल्या बाई म्हणाल्या. "मग सिद्ध काय होणार? वाचता न येणारं कुणी नसेल, तर पुढच्या कंपनीला बोलावू."

नाकातोनं हॉलभर नजर फिरवली. दोनशे माणसं, सगळी सुटाबुटातली.

"पाच मिनिटं द्या, प्लीज." ती परीक्षकांकडे वळली.

श्रेया शेठजवळ वाकली. "किचनमध्ये विचारून येऊ? तिथे कुणीतरी मिळेल."

"नको. चारचौघांत असं कुणाला विचारू नये, श्रेया."

ते इतक्या हळू बोलले, की तिला वाटलं त्यांना बरं नाही. मग ते उठले. निघाले बहुतेक, म्हणून तिनं पर्स उचलली. पण लतीफशेठ स्टेजच्या पायऱ्या चढले. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि पंपासमोर बसले.

"यल्ला, चल बेटी, तुझा तो हिंदी आवाज लाव," ते माइकमध्ये म्हणाले. "मला वाचता येत नाही."