चित्रातले हात

हॉलंडमधल्या हार्लेम शहरातल्या एका कापडव्यापाऱ्याने स्वतःचं बागेतलं चित्र रंगवायला मला बोलावलं. आम्हा चित्रकारांच्या रिवाजाप्रमाणे तो चेहऱ्यापुरताच समोर बसला. हात रंगवण्यासाठी त्याने आपला माळी योरिस याला पाठवलं.

योरिस मालकाचा मखमली कोट घालून, हातात ट्यूलिप धरून तीन दिवस हलला नाही. काम संपल्यावर मालकाने तो कोट काठीने उचलून दोरीवर टाकला आणि योरिसच्या देखत त्यावर व्हिनेगर शिंपडलं. "या लोकांचा वास जाता जात नाही," तो मला म्हणाला.  मी योरिसच्या नखांतली माती चित्रात तशीच ठेवली.

चित्र पाहायला बागेत पाहुणे जमले. "माझ्या याच हातांनी फुलवली ही बाग," व्यापारी चित्राकडे बोट दाखवून सांगत होता. एका बाईंचे डोळे भरून आले. "किती कष्टाळू हात," त्या म्हणाल्या. इतक्यात योरिस त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन आला. बाईंनी झगा आवरून घेतला. "आधी हात धुऊन ये," त्या त्याला म्हणाल्या.

व्यापाऱ्याने खूश होऊन माझा हात हातात घेतला. त्याचा पंजा लोण्यासारखा मऊ लागला. मी सगळ्यांदेखत माझा हात विजारीला पुसला.