राहिलेला पहारा

तापीच्या धरणाकाठी जानेवारीचं धुकं होतं. हवेची टाकी बांधून कुंदन गारठलेल्या पाण्यात उतरला. बावीस वर्षांपूर्वी सप्ताहाची वीणा नेणारी नाव इथेच बुडाली. तेव्हा सहा वर्षांच्या कुंदनला धरण्यासाठी लीलाधर आबांनी गळ्यातली वीणा सोडली. सप्ताहातली वीणा खाली ठेवायची नसते. ती घेऊन उभं राहण्याचा आपला पहारा संपला की एकमेकांच्या पाया पडून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची असते. त्या चुकीपायी आबांनी पुन्हा वीणा घेतलीच नाही. “गळ्यात वीणा नही, मफलर तरी घ्या,” काठावर लताबाई नवऱ्याला म्हणाल्या. पाण्याकडे बघतच आबांनी तो गुंडाळला. तासाभराने कुंदन कुडकुडत वर आला. वीणेचा भोपळा कुजलेला, तारा गेलेल्या. नावेत सापडलेली दांडी त्याने गळ्यात अडकवली होती. “आबा, खाले ठेवेल नही. पहारा बदला.” आबांनी मफलर काढला, त्याच्या थंडगार पायांना हात लावला आणि मान पुढे केली.