उजवं चाक

आमची गाडी चक्क खोक्यांतून आली. सगळे भाग सुटे, आणि ते जोडणारे आम्ही दोघं: बाबा आणि मी. रविवारी पहिली चक्कर माझी, असं अख्ख्या वर्गाला सांगून बसलेय! म्हणून आज गॅरेजमध्ये जाताना मुद्दाम नवे कानातले घातले. गोल, चकचकीत, मी स्वतः बनवलेले. पण बाबांनी मान वर करून बघितलं असेल तर शपथ.

त्यांचा जीव उजव्या चाकात अडकला होता. डावं चाक एका बोटाने ढकललं तरी गरगर फिरायचं, उजवं मात्र घर्रर्र करून थांबायचं. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क आवळणारा चिमटा, एका बाजूला सरकून तिला घासत होता.

"कॅलिपरच्या मागे दोन पातळ वॉशर लागतात," बाबा तणतणले. "डावीकडचे आहेत, उजवीकडचे पाठवलेच नाहीत लेकाच्यांनी!"

त्यांनी सगळी खोकी उलटी केली, मग आईचा बटणांचा डबासुद्धा.

"अहो, आता पसारा केलात तर जेवायलाही गाडीतच बसा!" आई आतून ओरडली.

शेवटी बाबांनी किट पाठवणाऱ्या कंपनीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिथल्या मेकॅनिककाकांना चांगलंच फैलावर घेतलं. मी मागे टॉर्च धरून उभी होते आणि मधूनमधून "सोडू नका बाबा!" म्हणत होते.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.


"साहेब, जरा बाजूला होता का? हां. ताई, कानातले फार छान दिसतायत. आता ते काढून बाबांच्या हातात द्या."