गव्हाणीची भरणी

धाकट्याचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. नव्या सुनेचा या घरातला तो पहिलाच नाताळ होता, आणि नाताळ अगदी तोंडावर आलेला असताना तिने सासऱ्यांना चोरी करताना पकडलं.

दुपारची वेळ. बाबा खालचं गाद्यांचं दुकान सोडून जेवायला वर आले होते. भिंतीतल्या फळीवर लाकडाची वीतभर गव्हाण होती. पोरं साखरेच्या डब्यात घालतात तशी बाबांनी तिच्यात दोन बोटं घातली, पेंढ्याची एक काडी उचलली आणि खिशात टाकली. मान वळवली तर दारात सून उभी.

त्या घरची पद्धत सोपी होती. डिसेंबर लागला की रिकामी गव्हाण फळीवर यायची. कुणी कुणासाठी काही चांगलं केलं की त्याने गुपचूप एक काडी आत टाकायची. काय केलं ते त्याने सांगायचं नाही आणि इतरांनी विचारायचं नाही. रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून सगळे मिळून म्हणायचे, "प्रभू, तुझ्यासाठी जागा करतोय. कमीजास्त सांभाळून घे." नाताळच्या सकाळी त्या पेंढ्यावर बाळ येशूची मातीची मूर्ती निजवायची, आणि तो मान घरातल्या सगळ्यांत नव्या माणसाचा. लग्नानंतरच्या आठवड्यातच सासूबाईंनी माळ्यावरची पेटी उघडून सुनेला हे सगळं समजावलं होतं. "यंदा बाळ तुझ्या हातून निजणार. बिछाना मऊ झाला पाहिजे हं, गादीवाल्याचं घर आहे हे."

म्हणून सून नेटाने काड्या भरायच्या मागे लागली होती. पण सकाळी काड्या टाकाव्यात आणि संध्याकाळी पाहावं तर गव्हाणीचा तळ डोकावतोय. "उंदीर नेत असतील," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. तिने पिंजरा लावला. उंदीर काही सापडला नाही.

आता सापडला होता.

दुकानात एखादी गादी नीट भरली गेली नाही की बाबा तिचे टाके उसवून सगळा कापूस बाहेर ओढत, हे तिने पाहिलं होतं. म्हणजे आपली भरणीही यांना पसंत नाही तर.

"बाबा, माझ्या काड्या का काढता?" तिचा आवाज चिरकला. "माझं काही चुकत असेल तर तोंडावर सांगा ना."

"तुझ्या कशाला काढू? माझी काढली."

"तुमची?"

बाबा ओशाळले. गल्ली त्यांना कुकर म्हणायची. वाफ साठली की शिट्टी, शिट्टी झाली की गार. यंदा गाद्यांच्या खोळी बाहेरच्या शिंप्याकडून शिवून येत होत्या, त्यांची शिवण वाकडी, आणि त्यामुळे शिट्ट्यांना सुमार नव्हता.

"शिट्टी झाली की एक काडी काढायची, हा माझा नियम आहे," ते म्हणाले. "सकाळी तुला म्हटलं ना, हा चहा आहे की पायपुसणं पिळलंय? मग शिंप्याला बोललो. मग गिऱ्हाइकाला." त्यांनी खिशातून मूठ काढून उघडली. मुठीत काड्यांचा चांगला झुबका होता.

"आणि घालता किती?"

"घालतो की. अधूनमधून."

"म्हणजे माझ्यातल्याच जातायत!"

"तेच तर कळत नाही, पोरी." बाबा खुर्चीत टेकले. "इतकी वर्षं काढत आलोय. तरी नाताळला गव्हाण गच्च भरलेली असायची. मला वाटायचं, देवच भरतो. यंदा त्यानं हात का आखडता घेतला, कोण जाणे."

सून त्यांच्या मुठीकडे बघत राहिली. मग तिने त्यातली एक काडी उचलली आणि गव्हाणीत परत ठेवली.

"हे काय?"

"चहाचं ते मी तेव्हाच सोडून दिलं होतं. ही माझी काडी. सांगायचं नसतं, पण सांगितलं."

"आणि शिंप्याची?"

"ती त्याला जाऊन विचारा."

बाबांना हसू फुटलं. "म्हणजे मी काढायची आणि तू परत घालायची? हा काय उद्योग?"

"घर म्हटलं की रोजची कामं असतातच, बाबा."

बाबांचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी मुठीकडे पाहिलं, गव्हाणीकडे पाहिलं. मग खिडकीजवळच्या शिलाई मशीनकडे त्यांची नजर गेली. मशीनवर चादर टाकलेली होती.

"अगं, म्हणजे इतकी वर्षं..." एवढंच बोलून ते उठले आणि न जेवताच शिंप्याकडे गेले.

नाताळच्या सकाळी गव्हाणीतून पेंढा बाहेर डोकावत होता. सुनेने बाळ अलगद निजवलं. बाबा पुढे झाले आणि दुकानात दाबून बघत तसा त्यांनी अंगठ्याने बिछाना दाबून पाहिला.

"बसली भरणी," ते म्हणाले. "जुन्या हाताची वाटतेय."

मग त्यांनी मशीनवरची चादर काढली, नीट घडी केली आणि सुनेला विचारलं, "खोळी शिवायला शिकशील?"

मशीन सासूबाईंचं होतं. त्या वारल्या त्याच वर्षी, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी.