मधला सूर

पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध राहणारा तो सूर उस्ताद फिक्रींनी लेकीच्या गळ्यात घोटून घोटून बसवला होता. तो नेमका लागला की म्हातारा मांडीवरचं ऊद हे तंतुवाद्य थांबवून ओरडायचा, "अल्लाह!" कैरोतल्या अख्ख्या शुब्रा मोहल्ल्याला कळायचं, सुहैर गातेय.

दुबईच्या स्टुडिओत तो सूर ऐकून निर्माता हसला. "जगभर जायचंय ना मॅडम? मग हा गावठी सूर घरी ठेवा." त्याने यंत्रावर तो सरळ करून टाकला. सुहैरने तो तसाच जाऊ दिला. गाणं रियाधपासून पॅरिसपर्यंत गाजलं.

कैरोला उतरली ती थेट बाबांच्या खाटेपाशी. त्यांची नजर केव्हाच गेली होती.

"आणलंस का गं गाणं?"

"ऐका बाबा." तिने फोन त्यांच्या कानाशी धरला.

त्या सुराची जागा जवळ आली तसा सुहैरने श्वास रोखला. जागा आली आणि गेली. म्हातारा मान डोलावत ऐकत राहिला, परक्याचं ऐकावं तसा, सभ्यपणे.

गाणं संपलं. त्यांनी चाचपडत तिचा हात धरला.

"पोरगी बरी गाते हं. चल, आता तुझं लाव."